ताकदीचं औषध

डॉक्टरांनी पोरीच्या पायावर अंगठा दाबून पाहिला. सूज कुठेच नव्हती. वजनकाट्यावर उभी केली, तर ती त्यावर उड्याच मारायला लागली. तीन महिन्यांपूर्वी हीच पोर आईच्या खांद्यावरून मान उचलत नव्हती.

"अगं, ही तर ठणठणीत झाली! ताकदीच्या औषधाच्या बाटल्या संपवल्या ना सगळ्या?"

"एकही आणली नाही, डॉक्टरसाहेब," खडी फोडणारी तिची आई म्हणाली. "तेव्हा पैसेच नव्हते."

"मग बरी कशाने झाली?"

"त्याच आठवड्यात सरकारची मदत थेट माझ्या खात्यात यायला लागली. आता दोन्ही वेळा चूल पेटते. डाळ असते, अधूनमधून अंडं असतं. पोटभर जेवते आणि घर डोक्यावर घेते."

"मग झालं तर!" डॉक्टर हसले. "आता कशाला हेलपाटा घातलास?"

आईने पोरीला बाहेरच्या बाकावर बसायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"हिच्या थोरल्या बहिणीलाही अशीच सूज आली होती, साहेब. गेल्या वर्षी गेली ती. तिलाही एवढंच झालं होतं का?"

डॉक्टर थोरलीचा जुना केसपेपर शोधायला लागले.

"तुम्ही लिहून दिलेली एकही बाटली आम्ही चुकवली नाही," ती म्हणाली. "बाटलीला पैसे पुरावेत म्हणून शेवटपर्यंत संध्याकाळची चूल पेटवली नाही."