तोच फोड

भट्टीचं दार उघडलं आणि पुंडलिकने आधी सायकलच्या फोर्कच्या डाव्या नळीकडे पाहिलं. वरच्या कमानीच्या जरा खाली, निळ्या रंगावर वाटाण्याएवढा फोड आला होता. तोच. त्याच जागी.

आठ महिन्यांपूर्वी फहादच्या सायकलचा पुढचा, धक्के झेलणारा फोर्क त्याने याच शेडमध्ये, भट्टीत भाजून पक्क्या होणाऱ्या याच निळ्या पावडरने रंगवला होता. दुबईहून मामाने पाठवलेली, डोंगरात चालवायची सायकल. सत्त्याण्णव साली अख्ख्या रोह्यात तशी दुसरी नव्हती. तेव्हाही इथेच फोड आला. घासल्यावर खाली केसाएवढं भोक दिसलं. आतली हवा तापून बाहेर आली, म्हणजे धातू आतून पोकळ असणार, हे पुंडलिकला कळलं होतं. पण त्याचा हात पेणजवळच्या जोह्याच्या गणपतींच्या कारखान्यात तयार झालेला. खोट दिसली की बुजवायची आणि वरून रंग मारायचा. गणपतीला फार तर अकरा दिवस उभं राहायचं असतं. त्याने भोक बुजवलं, पावडरचा दुसरा हात दिला आणि पोराला सांगितलं, "एकदम झकास!"

बाराव्या दिवशी सुकेळी खिंडीच्या उतारावर फहाद पडला आणि जागीच गेला. वेग फार होता, असं सगळे म्हणाले. पुंडलिक मयतीला गेला नाही, सायकल बघायलाही गेला नाही. तेव्हापासून भाकरीवर फोड दिसला तरी तो ताट बाजूला सारायचा.

आज सकाळी फहादचे वडील खलीलभाई फोर्क घेऊन आले. रंग घरीच खरवडून काढलेला. "बतूलला भावाची सायकल चालवायचीय," ते म्हणाले. "तोच निळा दे." पुंडलिकने फोर्क हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. कुठे तडा नाही, कुठे वाकलेला नाही. अख्खा! म्हणजे पोरगं आपल्यामुळे गेलं नव्हतं. त्याने दोन चहा मागवले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला चहाची चव लागली.

म्हणूनच आता, खलीलभाई दुसरा चहा घेत शेजारी उभे असताना, फोड बघून तो चक्क हसला. मनावरचं ओझं उतरलं की माणूस जरा जास्तच बोलतो.

"खलीलभाई, तुमच्यापासून काय लपवायचं? मागल्या वेळेला पण इथंच फोड आलेला. आत पोकळ हाय. मी बुजवून दिला, कोणाला बोललो नाय. फहाद गेला तेव्हा लय घाबरलेलो. पण बघा, फोर्कला काय पण झालं नाय. आता पण बुजवतो. बतूलला बिनधास्त चालवू दे."

खलीलभाई फोडाकडे बघत राहिले. हातातला कप त्यांनी हळूच खाली ठेवला.

"पुंडलिक, हा नवा हाय," ते म्हणाले. "तिच्या मामानं परवा पाठवला, तसलाच, त्याच कंपनीचा. फहादचा इथंच मोडलेला."