अंगणातली रिकामी जागा

पाणी मागायला आलेली मुलगी सरळ ओसरीकडे आली नाही. अंगणाच्या मधोमध तिने चपला काढल्या, चौथऱ्यावरच्या मूर्तीकडे पाहावं तशी माणसाच्या उंचीपेक्षा थोडी वर नजर नेली आणि हात जोडले. समोर सारवलेली रिकामी जमीन होती.

एकाहत्तरचा उन्हाळा होता. साताऱ्याला सैन्यभरती होती आणि मुलाला होकार द्यायचं अंजना महिनाभर टाळत होती.

"द्येव तिकडं हाय, बाय. हितं कुणाला नमस्कार?" अंजनाला हसू आलं.

मुलगी ओशाळली. सोबतच्या वयस्क बाईंनी तिला हळूच दटावलं, "निघताना सांगितलं होतं ना? जे अजून उभं राहिलेलं नाही, त्याला हात जोडायचे नाहीत."

"आवं, काय उभं ऱ्हानार हाय हितं?"

बाई पाणी पीत राहिल्या.

तेवढ्यात कृष्णात मळ्यातून आला. "आये, उद्याचा शेवटचा दिवस हाय. जाऊ का नको?"

मुलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे, वर, पुन्हा त्याच उंचीवर पाहिलं. ओळख पटल्यासारखे तिचे हात आपोआप जुळू लागले.

अंजना उठून त्या मुलीच्या आणि कृष्णातच्या मध्ये उभी राहिली.

"कृष्णा, तू भरतीला जायाचं न्हाई."