ज्याला पास, त्याचं नाव

मातृदिनाला कैरोच्या शुब्रा भागात पोरांसोबत त्यांच्या आयाही मैदानात उतरल्या. प्रशिक्षक वजदीचा खेळ सोपा होता: ज्याला पास द्यायचा, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. पण पोरं चेंडू पायाखाली दाबून गप्पच. तिथल्या रीतीत आपल्या आईचं नाव चारचौघांत कोण घेतं?

"अरे, आईच्या नावाची कसली लाज वाटते रे तुम्हाला?" वजदी खेकसला.

"मग कॅप्टन, आधी तुम्ही द्या ना पास," छोटा सैफ वजदीला म्हणाला. "तुमच्या आई बसल्यात की बाकावर."

म्हातारी लगबगीनं उठली आणि पाय पुढे करून वजदीसमोर उभी राहिली. नवरा गेल्यापासून तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं.



वजदीनं मान खाली घालून शिट्टी वाजवली. "चला, नाव नको. नुसता हात वर करा."