खोऱ्यातला सकाळचा गोंगाट

"या रेडिओ दुर्बिणीचं भविष्य ठरवायला आम्ही आलोय," वॉशिंग्टनहून आलेल्या समितीचे अध्यक्ष व्हिटलॉक म्हणाले, "आणि मला तरी ते दिसत नाही."

शाळेच्या व्यायामशाळेत अख्खं खोरं बसलं होतं. वेधशाळेची प्रमुख रोवेना हॅमरिक समितीसमोर उभी. तिला दुर्बिणीसाठी अजून चाळीस वर्षं हवी होती. समितीला कुलूप हवं होतं.

"आकाशातल्या रेडिओ लहरींचा आवाज मुंगीच्या पावलाएवढा," व्हिटलॉक म्हणाले. "तो टिपता यावा म्हणून इथे मोबाइल नाही, वायफाय नाही, लहरी सोडणारं काहीच नाही. ठीक. मग रोज सकाळी या खोऱ्यातूनच गोंगाट कसा येतो? तुमच्या लोकांना आजच दम निघत नाही, चाळीस वर्षं काय निघणार?"

रोवेनाची तपासणीची गाडी वर्षभर त्या गोंगाटामागे दारोदार फिरली होती. तो सापडला नव्हता.

मागच्या रांगेतली ड्रीमा कोगर उठली आणि दार आपटून निघून गेली. वेधशाळेशी भांडण्यात तिची हयात गेली होती.

"गेली बया," कुणीतरी पुटपुटलं. "हिलाही कुलूपच हवंय."

ड्रीमा रस्त्यापलीकडच्या आपल्या घरी गेली होती. परत आली तेव्हा हातात मायक्रोवेव्ह, मागे लोंबणारी वायर. अध्यक्षांच्या टेबलावर तिने तो दाणकन आदळला.

"हा घ्या गोंगाट. माझा आहे. रोज कॉफी गरम करते. गाडी दिसली की बंद."

"ड्रीमा! माझ्या तोंडावर नाही म्हणालीस तू!" रोवेना ओरडली.

"तुझ्यावर चिडले होते. अजूनही आहे." ती अध्यक्षांकडे वळली. "माझा नवरा रानात पडला, तेव्हा मदतीसाठी डोंगर उतरून पळाले मी. खिशात फोन नाही. का? तुमचं यंत्र ऐकतंय म्हणून. आता ऐकणंच बंद? मग मी पळाले कशाला, साहेब?"

म्हातारा एल्व्हिन शार्प उठला.

"माझी विजेवर तापणारी गोधडी आणतो."

"माझ्या दाराला बिनतारी घंटा आहे," एक बाई म्हणाली.

"अरे चोरांनो!" रोवेना हसत होती, रडत होती.

टेबल भरत गेलं. अध्यक्ष दिसेनासे झाले.

"निर्णय फोनवर कळवू," सामानाआडून आवाज आला.

"इथे फोन लागत नाही," ड्रीमा म्हणाली. "तोंडाने सांगा."

व्हिटलॉकनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या.

"चाळीस."

हात, पाय, बाकं, सापडेल ते बडवत खोरं ओरडलं. ड्रीमाने रोवेनाचा दंड घट्ट धरला.

"आता मी गप्प बसते. तू नीट ऐक."