कच्चा दोरा

नवऱ्याने घरामागे पाइपांचा सांगाडा उभा केला होता, स्प्रेने रंग मारायचा बूथ म्हणून. त्याचं आवरण तिने शिवायचं होतं. मागाहून आटू नये म्हणून तिने कॅनव्हास आधी भिजवून वाळवला, मगच बेतला. खिडकी त्याला नको होती. म्हणे धूळ येते. दाराची चेनही फक्त बाहेरून उघडेल अशी हवी होती.

"आणि आत माणूस असला तर?"

"माणूस कोण, मीच ना," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. म्हणून मागची एक शिवण तिने मुद्दाम नुसत्या कच्च्या दोऱ्याने टाचली. टोक ओढलं की सरसर उसवेल अशी.

सासूबाईंनी तयार आवरणावरून हात फिरवला. "कच्चं काही ठेवलं नाहीस ना गं?"

"नाही, आई."

दुसऱ्या दिवशी आवरण सांगाड्यावर चढलं. "जरा आत जाऊन बघ, कुठून उजेड येतो का," नवरा म्हणाला. आपली शिवण आहे, या भरवशावर ती आत गेली. पाठीमागे चेन खालपर्यंत लागली.

"येतोय का उजेड?"

"नाही," ती म्हणाली, आणि चाचपडत मागच्या शिवणीपाशी पोचली. कच्चा दोरा तिथे नव्हता. बोटांना लागली ती घट्ट दुहेरी शिवण, आणि शेवटी उलटा फिरवून मारलेला टाका. घरात तसा टाका दोघीच मारत. तिला तो सासूबाईंनीच शिकवला होता.