दुसरी खूण

अनेक गावांच्या संघांतून फिरत फिरत पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, लॉयड त्या सकाळी आमच्या बेसबॉल संघात आला. “बॅग उघडू नकोस, आजोबा, परवा पुन्हा भरावी लागेल,” त्याचे चेंडू झेलणारा कॅचर रेमी हसला. रेमीची स्वतःची बॅग भरलेलीच होती. उद्या त्याला सगळ्यात वरच्या लीगमध्ये जायचं होतं. दुपारी दुसऱ्या बेसवरच्या प्रतिस्पर्ध्याला उमगू नये म्हणून रेमीने कोणता चेंडू टाकायचा ते सांगायला बोटांनी एकाऐवजी तीन खुणा केल्या. आमच्याकडे त्यातली दुसरी खरी. लॉयडने मान हलवली. रेमी वळणारा चेंडू झेलायला वाकला, पण आला सरळ, सुसाट. त्याच्या ग्लोव्ह नसलेल्या हाताचं बोट मोडल्याचा आवाज आम्हाला बाकावर ऐकू आला. “दुसरी रे, दुसरी!” रेमी कळवळला. “तिसरी ना?” धावत आलेल्या लॉयडने विचारलं. “तिसरी खरी कुठे असते?” मॅनेजर खेकसला. “स्क्रँटनला. नाही, अमारिलोला...” लॉयड अडखळला आणि स्वतःच्या शर्टावरचं गावाचं नाव वाचू लागला.