मंडालेहून आलेला फोन

म्यानमारला भूकंप झाला आणि गोजरबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ती रोज अकराच्या आत विहारात ज्या तरुण भंतेंना जेवणाचा डबा न्यायची, ते मंडालेजवळच्या एका खेड्यातले होते. संभाजीनगरला विद्यापीठात पाली शिकायला आलेले. त्यांच्या आईचा फोन चार दिवस बंद होता. भंते मोबाइलवरच्या नकाशाकडं बघत बसायचे. तिकडं नवा धक्का बसला, की नकाशावर नवा लाल ठिपका उमटायचा.

"भंते, आजचा ठिपका गावापासून लांब हाय ना?"

"जवळ आहे, आजी. फार जवळ."

"बारा वाजत आले, मग तुमाला जेवता यायचं नाही. दोन घास तरी खावा."

डबा तसाच परत जायचा.

पाचव्या दिवशी फोन वाजला. घर पडलं होतं, पण आई वाचली होती. बराच वेळ बोलून भंतेंनी फोन गोजरबाईपुढं धरला. "तुम्ही मला जेवू घालता, हे सांगितलं. आईला तुमच्याशी बोलायचंय."

"अवो, मला कुठं त्यांची भाषा येती?" म्हणत तिनं फोन कानाला लावला. पलीकडं नुसतं रडणं. गोजरबाईलाही हुंदका आवरेना.

मग पलीकडून आवाज आला, "बोद्धं थरनं गिस्सामि..."

उच्चार निराळे होते, पण गोजरबाईला ते लगेच समजलं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि पुढची ओळ म्हटली, "धम्मं सरणं गच्छामि."